साडेतीन गुंठ्यांचं बेट

श्रोतेहो, नमस्कार.

विषय दिलाय गोल्फच्या मैदानाचा आणि बोलायला बोलावलंय मला, जिनं जन्मात कधी गोल्फची काठी हातात धरलेली नाही. पण माझी सगळी नोकरी शेतकी कॉलेजात गेली, तणं आणि चारापिकं शिकवण्यात. तेव्हा खेळातले बारकावे माझ्याकडून मिळणार नाहीत. मी बोलणार ते माती, पाणी आणि गवत यांच्याबद्दल. मधे एक गोष्ट सांगणार आहे. ती मला भारी आवडते, त्यामुळे वेळ तीच खाणार, हेही आधीच सांगून टाकते.

माझे धाकटे दीर अमेरिकेत मिशिगनला असतात. हिवाळ्यात तिथली मैदानं बर्फाखाली असतात, आणि गोल्फ खेळणाऱ्या माणसाला ते काही सोसत नाही. मग उत्तरेकडचे हे सगळे लोक फेब्रुवारीत काठ्यांच्या पिशव्या घेऊन दक्षिणेला निघतात. कुणी ॲरिझोनाला जातं, कुणी फ्लोरिडाला. जाऊबाई म्हणाल्या, "तुम्ही जा हो वहिनी, यांच्याबरोबर. मला जरा घरात शांतता मिळू दे." म्हणून भावजी, त्यांचे मित्र आणि मी असे फ्लोरिडाला गेलो. जॅक्सनव्हिल शहराजवळ, समुद्राच्या कडेला पोन्टे व्हेड्रा बीच म्हणून गाव आहे. तिथं टीपीसी सॉग्रास नावाचं मैदान आहे, स्टेडियम कोर्स. दरवर्षी मार्चमध्ये तिथं जगातले सगळे मोठे खेळाडू येतात. एरवी पैसे भरून कुणालाही खेळता येतं. किती पैसे, ते मी भावजींना विचारलं. त्यांनी सांगितलं नाही.

आता पहिला मुद्दा. गोल्फचं मैदान म्हणजे गवत नव्हे. गोल्फचं मैदान म्हणजे आधी पाण्याचा निचरा, मग गवत. आपल्याला टीव्हीवर हिरवंगार दिसतं, पण खरा पैसा गेलेला असतो तो गवताखाली. ज्याला ग्रीन म्हणतात, म्हणजे जिथं ते भोक असतं आणि झेंडा रोवलेला असतो, त्याच्या तळाशी पाइप असतात, पाइपांवर चार इंच खडी, खडीवर फूटभर वाळू, आणि त्या वाळूत गवत. काळी माती नाही, लाल माती नाही, जवळजवळ सगळी वाळूच. आणि वरचा पृष्ठभाग आपल्या मोरीसारखा. पाहिलं तर सपाट, पण पाणी ओतलं की ते बरोबर कुठंतरी वाट काढून निघून जातं. पाणी कुठं जाणार हे आधी ठरतं, चेंडू कुठं जाणार हे त्याच्या मागून. पुन्हा सांगते, आधी निचरा, मग गवत. आपल्याकडे सोसायट्यांमध्ये बिल्डर मुरमाचा भराव करतो, त्यावर चार बोटं लाल माती पसरतो, वर मेक्सिकन लॉन अंथरतो, आणि एका पावसाळ्यात ते पिवळं पडलं की माळ्याच्या नावानं ओरडा सुरू होतो. माळ्याचा काय दोष? असो.

आता ती गोष्ट.

१९७८ साल. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ खेळाडूंची जी संस्था आहे, पीजीए टूर, तिचे प्रमुख होते डीन बीमन. स्वतः चांगले खेळाडू, पण डोकं व्यवहाराचं. त्यांना संस्थेच्या मालकीचं, कायमचं असं मैदान हवं होतं. आणि दुसरं म्हणजे प्रेक्षकांना खेळ दिसावा असं वाटत होतं. गोल्फ बघायला जाणाऱ्याची मोठी पंचाईत असते. सपाट जमीन, पुढं पाच-सहा रांगा माणसांच्या, चेंडू एवढासा. पुढच्याचं डोकं बघून घरी यायचं. बीमनचं म्हणणं, मैदानाच्या कडेनं मातीचे मोठे उंचवटे करा, गवताचे, लोक त्यावर बसतील. म्हणून नाव स्टेडियम.

कल्पना चांगली होती, पण संस्थेकडे पैसा नव्हता. तिथं फ्लेचर म्हणून दोघे भाऊ होते, जमीनजुमलावाले. त्यांनी ४१५ एकर जमीन दिली. कितीला? एक डॉलरला. बरोबर ऐकलंत, ४१५ एकर, एक डॉलर. आता हा काही दानधर्म नव्हता. त्यांची आजूबाजूला आणखी जमीन होती. मधोमध गोल्फचं मैदान आलं की उरलेल्याचा भाव चढणार, हे त्यांना कळत होतं. रिंग रोडची आखणी कुठून जाणार हे ज्यांना आपल्याकडे सहा महिने आधी कळतं, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की फ्लेचर बंधूंनी निदान ते उघडपणे केलं.

बरं, जमीन कसली? सगळी दलदल. झाडोरा, साप, मगरी, आणि खोदायला लागलं की लगेच पाणी. आपल्याकडे चोपण जमीन बघून शेतकरी कपाळाला हात लावतो, तिथं तर चिखलात पायच रुतत होता. ही जमीन हातात आली पीट डाय यांच्या. पीट डाय मूळचे ओहायो राज्यातले, इंडियानापोलिसला विमा विकायचे, मग ते सोडून गोल्फची मैदानं आखायला लागले. त्यांच्या बायकोचं नाव ॲलिस. ॲलिसबाई स्वतः नावाजलेल्या हौशी खेळाडू, इंडियाना राज्याची महिलांची स्पर्धा अनेकदा जिंकलेल्या. नकाशे दोघं मिळून करायचे. हे नाव लक्षात ठेवा, ॲलिस.

पीट डायनी काय केलं? तेच, जे मी मघाशी सांगितलं. आधी पाणी. चर खणले, तळी खणली, पाणी एका बाजूला काढलं. मग खणलेली माती टाकून बाकीची जमीन उचलायची, त्याच मातीचे प्रेक्षकांसाठी उंचवटे करायचे. आता उचलायला आणि वर पसरायला चांगली वाळू पाहिजे, आणि दलदलीत सगळा काळा गाळ. जिथं वाळू लागेल तिथं खोदा, असं चाललं होतं. आणि सगळ्यात चांगली वाळू निघाली कुठं? तर सतराव्या होलच्या जागी.

गोल्फच्या मैदानावर अठरा होल असतात, हे सगळ्यांना माहीत आहेच. होल म्हणजे नुसतं ते भोक नव्हे, पहिला फटका मारतात तिथपासून झेंड्यापर्यंतचा सगळा पट्टा. सतरावं म्हणजे शेवटून दुसरं. नकाशात ते अगदी साधं होतं. छोटं अंतर, एका बाजूला थोडं तळं, बस. पण गाड्या येतायत, वाळू भरतायत, जातायत. पहिल्या होलला वाळू हवी, चला सतराव्यावर. नवव्याला हवी, चला सतराव्यावर. कुणी म्हणालं नाही की अरे, इथंसुद्धा आपल्याला काही करायचंय. होता होता एक दिवस पाहतात तर सतराव्याच्या जागी नुसता मोठा खड्डा. ग्रीन करायला जमीनच उरलेली नाही.

पीट डाय डोकं खाजवत बसले. बायकोला दाखवलं. ॲलिसबाईंनी खड्डा पाहिला आणि म्हणाल्या, मग पाण्यानं भरून टाका, आणि मधे बेट ठेवा. ग्रीन बेटावर.

बघा हं. सगळे पुरुष विचार करतायत की खड्डा बुजवायला वाळू आणायची कुठून. आणि ही बाई म्हणते, बुजवताय कशाला?

ही कल्पना अगदीच आकाशातून पडली नव्हती. तिथून जवळच, पोन्टे व्हेड्रा क्लबच्या जुन्या मैदानावर असं एक बेट होतं, आणि ॲलिसबाईंना ते ठाऊक होतं. पण शेवटून दुसऱ्या होलवर, स्पर्धेच्या अगदी निर्णायक वेळी, सगळ्या बाजूंनी पाणी? चेंडू बेटावर टाका, नाहीतर बुडवा. मधला काही पर्यायच नाही. पीट डायना ते पटायला वेळ लागला. पण शेवटी केलं.

आणि केलं तेसुद्धा जरा जास्तच केलं. पीटनी त्या बेटाचा मागचा भाग पाण्याच्या बाजूला उतरता केला. पुन्हा बाई मधे पडल्या. त्यांचं म्हणणं असं, की वारा सुटला तर एकाचाही चेंडू थांबणार नाही, स्पर्धा टीव्हीवर चालू राहील आणि पहिली जोडी अजून सतराव्यावरच उभी असेल. मग तो उतार काढला. म्हणजे कल्पना त्यांची, आणि कल्पनेला लगाम घातला तोही त्यांनीच.

पुढं सगळं जग म्हणायला लागलं, पीट डायचं सतरावं होल. पीट मात्र जिथं जातील तिथं सांगायचे, ही कल्पना ॲलिसची. हा त्या माणसाचा मोठेपणा. नाहीतर आपल्याकडे बघा, खुरपणी बाईची, पेरणी बाईची, राखण बाईची, आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं? मी नोकरीत असताना शेतकरी मेळाव्यांना जायची. पहिल्या रांगेत फेटे, मागच्या रांगेत डोईवर पदर. तणांबद्दल खरे प्रश्न मागच्या रांगेतून यायचे. पण ते नंतर, सभा संपल्यावर, हळू आवाजात. ॲलिसबाईसुद्धा त्यांच्या क्षेत्रातल्या अमेरिकन संघटनेच्या पहिल्या महिला सदस्य, आणि पुढं पहिल्या महिला अध्यक्ष. त्याला १९९७ साल उजाडावं लागलं. हे जरा लांबलं, पण सांगायचं होतं.

तर मैदान १९८० मध्ये खुलं झालं आणि १९८२ मध्ये तिथं पहिली मोठी स्पर्धा झाली. खेळाडू नुसते चिडले! जे. सी. स्नीड म्हणून एक होते, ते म्हणाले, हे मैदान म्हणजे नव्वद टक्के घोड्याची लीद आणि दहा टक्के नशीब. जॅक निकलस, म्हणजे त्या काळातला सगळ्यात मोठा माणूस, त्यांनी सांगितलं की मोटारीच्या बॉनेटवर चेंडू थांबवण्यात मी कधीच हुशार नव्हतो. ग्रीन्स इतकी कडक आणि उंचसखल होती. पुढं त्यातली बरीचशी मऊ करावी लागली.

ती पहिली स्पर्धा जिंकली जेरी पेट या तरुणानं, नारिंगी रंगाच्या चेंडूनं. सतरावं आणि अठरावं, दोन्ही होल त्यानं एकेक फटका वाचवून पार केली. आणि जिंकल्यावर काय करावं? अठराव्याच्या कडेला तळं आहे. डीन बीमनला धरलं, दिलं तळ्यात ढकलून. पीट डायना धरलं, त्यांनाही ढकललं. मग स्वतः मागून सूर मारला. सगळ्या खेळाडूंच्या मनात जे होतं, ते जिंकणाऱ्यानं करून दाखवलं.

आता हे सगळं मला भावजींनी गाडीत सांगितलं होतं, एकदा नव्हे, बऱ्याचदा. आणि मग आम्ही त्या सतराव्याला पोचलो. मला वाटलं होतं काहीतरी अवाढव्य असेल. प्रत्यक्षात ते बेट आहे साडेतीन गुंठ्यांच्या आसपास. पुढच्या बाजूला एक छोटासा वाळूचा खड्डा, त्याला बंकर म्हणतात, मागून जायला गवताची एक चिंचोळी पट्टी, आणि बाकी पाणी. मोठ्या खेळाडूंना अंतर १३७ यार्ड, म्हणजे सव्वाशे मीटर. त्यांच्या हिशोबानं काहीच नाही. आणि तरी २००७ च्या स्पर्धेत एकट्या पहिल्या दिवशी पन्नास चेंडू पाण्यात गेले. व्यावसायिकांचे! भावजींना मी हे आधीच ऐकवून ठेवलं, म्हणजे नंतर वाईट वाटायला नको.

ते उभे राहिले. झाडाच्या शेंड्याकडे पाहिलं, वारा कुठून येतोय ते बघायला. गवताचं पातं उपटून हवेत सोडलं. दोनदा नुसती काठी फिरवली. आणि मारला. चेंडू सुंदर उडाला, खरंच सुंदर, आणि बेटाच्या अलीकडे डुबुक. दुसरा मारला, तो बेटावर पडला, दोन उड्या मारून पलीकडे गेला, डुबुक. त्यांचे मित्र गप्प. मी गप्प. भावजी वळून म्हणाले, "वहिनी, हसायचं असेल तर हसा." मग मात्र मला आवरलं नाही. वर्षाला एक लाखाच्या वर चेंडू पाणबुडे तिथून काढतात, असं तिथले लोक सांगतात. त्यात दोन आमच्या घरचे आहेत.

ते सगळे पुढं गेले आणि मी मागं राहून माझं काम केलं. म्हणजे गवत बघितलं. त्या चिंचोळ्या पट्टीवरून प्रत्येक माणूस जाणार आणि येणार, गवत कापायचं यंत्रही तिथूनच जाणार. दुसरी वाटच नाही. म्हणजे बेट दिसायला डौलदार, पण सांभाळायला कटकटीचं. आखणाऱ्यानं रेघ मारली की ती निस्तरायची सांभाळणाऱ्यानं, हे सगळीकडे सारखंच.

आणि गवत कुठलं? आता दुसरा मुद्दा, नीट ऐका. उष्ण हवेतल्या गोल्फच्या मैदानांवर मुख्य गवत असतं ते म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा, रानात काशा वेचून वेचून शेतकरी जिच्यापुढं हात टेकतो ती हरळी. तिला तिकडं बर्म्युडा ग्रास म्हणतात, ग्रीनवर तिच्या सुधारलेल्या बुटक्या जाती लावतात. तुडवली तरी मरत नाही, कापली तर आडवी पसरते, ऊन जितकं कडक तितकी खूश. तण म्हणून जे गुण तापदायक, तेच इथं कामाचे. ग्रीनवर ती रोज कापतात, तीन-साडेतीन मिलिमीटरवर. वरून अधूनमधून बारीक वाळू शिंपडतात, जमिनीला भोकं पाडून हवा देतात, आणि झेंड्याचं भोक रोज हलवतात, म्हणजे एकाच जागी पाय पडायला नकोत.

एक अडचण आहे. हरळीला थंडी चालत नाही. फ्लोरिडाच्या उत्तर भागात हिवाळ्यात ती तपकिरी होऊन झोपी जाते. आणि पाहुणे तर हिवाळ्यातच येतात, हिरवं बघायला. मग शरद ऋतूत तिच्यावर राय नावाच्या थंडीतल्या गवताचं बी पेरतात. मी फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, कडेला वाकून पाती बाजूला केली, तर वर राय हिरवंगार आणि खाली आपली हरळी, वाळकी, पण जिवंत. उन्हाळा लागला की राय जळतं आणि हरळी वर येते. ही स्पर्धा मधली काही वर्षं मे महिन्यात व्हायची, तेव्हा खेळाडू हरळीवर खेळायचे. २०१९ पासून ती पुन्हा मार्चमध्ये आली, म्हणजे पुन्हा रायची पेरणी आली. तारीख कार्यालयात बदलते, पेरणी मैदानात बदलते.

निचऱ्याचं राहिलं. २००६ मध्ये त्यांनी हे अख्खं मैदान उकरलं. वरचा थर काढला, फेअरवेवर वाळू टाकली, नवे पाइप घातले, आणि ग्रीनखाली हवा ओढणारे पंप बसवले. पाऊस पडला की ते मुळांतलं जादा पाणी खाली खेचतात. पंचवीसएक वर्षांनी पुन्हा तेच काम. आधी निचरा, मग गवत.

सुरुवातीच्या वर्षांत मैदानाच्या कडेचं रान कमी करायला पीट डायनी शेळ्या सोडल्या होत्या, हे ऐकून मला फार बरं वाटलं. शेळीला कुणी नावं ठेवली की मला राग येतो. बांध खाल्ला म्हणून शेळीला शिव्या, आणि बांध कोरून शेत वाढवणाऱ्या शेजाऱ्याला चहा. ते राहू द्या.

पाण्याबद्दल विचारणार तुम्ही, माहीत आहे. एवढ्या मैदानाला पाणी किती लागत असेल, आणि आमच्याकडे टँकर. बरोबर आहे. फ्लोरिडातल्या बऱ्याच मैदानांवर सांडपाणी शुद्ध करून देतात. आपल्याकडे बागा असोत, रस्त्यांचे दुभाजक असोत, तेच पाणी द्यायला हवं, आणि ते भर दुपारी बारा वाजता नव्हे.

आता एक शेवटचं, कारण ते सांगितल्याशिवाय मला इथून उठवणार नाही. हरळीच्या या ज्या गोल्फच्या जाती आहेत, त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या जातींमागं एक माणूस आहे, डॉ. ग्लेन बर्टन. जॉर्जिया राज्यात टिफ्टन म्हणून गाव आहे, तिथल्या संशोधन केंद्रात ते १९३६ मध्ये आले आणि जन्मभर तिथंच राहिले. म्हणून त्या जातींची नावं टिफग्रीन, टिफवे, टिफड्वार्फ. टिफवे १९६० ची. जोहान्सबर्गहून आफ्रिकन हरळीचं बी आलं होतं, त्यात एक वेगळंच रोप आपोआप आलेलं यांनी ओळखलं. तिला बी धरत नाही, कांड्या तोडून लावाव्या लागतात. तरी ती जगभर गेली.

पण बर्टनचं दुसरं काम कुठलं? बाजरी! त्यांनी टिफ्टनला बाजरीचा एक नरवंध्य वाण, म्हणजे ज्याचे स्वतःचे पराग कामाचे नसतात असा, तयार केला, टिफ्ट २३ ए. तो भारतात आला, लुधियानाला त्याच्यावर संकर झाला, आणि १९६५ मध्ये एचबी १ हा भारतातला पहिला बाजरीचा संकरित वाण निघाला. आमच्या नगर जिल्ह्यात लोकांनी संकरित बाजरीची भाकरी खाल्ली, तिचं मूळ त्या टिफ्टनमध्ये. मी हे तिथं ग्रीनच्या कडेला उभी राहून भावजींना सांगत होते आणि ते म्हणत होते, "वहिनी, आमची पाळी आली, जरा हळू."

पुढं सत्तरच्या दशकात त्या बाजरीवर गोसावी रोग असा पडला की कणसांच्या जागी नुसते पानांचे झुपके. सगळी एकाच वाणाची लागवड, मग दुसरं काय होणार! ते प्रकरण मोठं आहे. पण काचेच्या पलीकडून हात हलवतायत, वेळ संपली म्हणून. गोसाव्याचं पुन्हा कधीतरी. नमस्कार.